सुधीररावांची अकरा निशाणं

जयाबाईंचा लाल परकर गॅलरीतल्या दोरीवरून नाहीसा झाला, तेव्हा त्यांनी पहिला संशय कबुतरांवर घेतला, दुसरा वाऱ्यावर आणि तिसरा खालच्या मजल्यावरच्या बाईंवर. चौतीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्यावर संशय घ्यावा असं काही त्यांना सुचलं नाही, आणि तिथेच त्या चुकल्या.

"अहो, माझा लाल परकर बघितलात?"

"परकर? मी कशाला बघू?" सुधीरराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. पेपर परवाचा होता, पण तेवढं जयाबाईंच्या लक्षात आलं नाही.

"झालरवाला हो. दिवाळीत शिवून घेतलेला."

"कबुतरं असतील."

"कबुतरं परकर नेतात?"

"हल्ली काही सांगता येत नाही."

त्या वेळी तो परकर सोफ्याखालच्या एका पिशवीत होता. एक परकर म्हणून नव्हे, तर अकरा लांब पट्ट्या म्हणून. सोबत चुन्याची पुडी, रंगाचा ब्रश आणि रिकामा डालड्याचा डबा. असल्या सामानाचं घरात समर्थन करणं कठीण, म्हणून सुधीररावांनी ते केलंच नाही. सोमवारी सकाळी "लायब्ररीत जातो गं" असं सांगून ते पिशवी घेऊन निघाले आणि डोंबिवलीहून थेट टिटवाळ्याला जाऊन उतरले.

हे असं का करावं लागलं, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

सुधीर पेंडुरकर एका औषध कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाले होते. कुठली बाटली कुठल्या रॅकवर आहे हे डोळे मिटून सांगणारा माणूस. पण तोच माणूस कारखान्याच्या फाटकाबाहेर पडला की त्याचं डावं-उजवं संपत असे. निवृत्तीनंतर वेळ खायला उठला, तेव्हा कॉलनीतल्या 'पायवाट मंडळा'त ते जयाबाईंना घेऊन सामील झाले. अठरा माणसं, महिन्याच्या शेवटच्या रविवारी कल्याणपलीकडच्या एखाद्या गावात उतरायचं, शेतातून, रानातून, नदीकाठाने चालायचं, डबे खायचे, परत यायचं. दर महिन्याला एक जण पुढारी. मागच्या महिन्यात ती पाळी सुधीररावांची होती.

त्यांनी फोनमधल्या नकाशावर विश्वास ठेवला. नकाशाने त्यांना रानातून नेलं, ओढ्यातून नेलं, आणि शेवटी अठरा माणसं एका नव्या गृहप्रकल्पाच्या मागच्या कुंपणातून आत शिरली. वॉचमनने त्यांना पकडून ऑफिसात नेलं. पाणी हवं असेल तर आधी सॅम्पल फ्लॅट बघावा लागेल, असं तिथल्या टाय लावलेल्या मुलीने सांगितलं. अठरा जणांनी बूट काढून, पायमोजे चिखलाने भरलेले असताना, मॉड्युलर किचन बघितलं. त्यांच्यातल्या एकाने तर टोकनही दिलं.

मंडळाच्या अध्यक्ष रुपालीताई केतकर. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी दुसऱ्या दिवशी सुधीररावांना घरी बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि चष्म्यावरून बघत म्हटलं, "सुधीरराव, एक शेवटची संधी. पुढच्या महिन्यातही तुम्हीच पुढारी. पण या वेळी वाट चुकलात, तर यापुढे कायम शेवटी चालायचं. सतरंजी आणि सगळ्यांचे डबे घेऊन."

सुधीरराव "हो बाई" म्हणाले. पन्नास वर्षांनी त्यांच्या तोंडून 'बाई' गेलं.

ऐकणाऱ्याला यात फार काही वाटणार नाही. पण सुधीररावांना ते फार लागलं. घरात भाजी कुठली आणायची हे जयाबाई ठरवत, सोसायटीत पाणी कधी सोडायचं हे सेक्रेटरी ठरवत. आयुष्यात पहिल्यांदाच सतरा माणसं आपल्या मागून चालतात, आपण थांबलो की थांबतात, याचं त्यांना केवढं सुख झालं होतं! ते सुख एका सॅम्पल फ्लॅटपायी जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. नकाशा नको, फोन नको. आपण आधी जाऊन वाटेवर खुणा करून यायच्या. मग वाट चुकेलच कशी?

टिटवाळ्यापासून आत हेदूळ नावाचं गाव आहे. गावातून निघायचं, कापणी झालेल्या भाताच्या खाचरांमधून माळावर चढायचं, सागाच्या रानातून उतरायचं की काळू नदी. सुधीररावांनी ही वाट एका ओळखीच्या दूधवाल्याकडून समजून घेतली होती. प्रत्येक वळणावर त्यांनी एक दगड शोधला, त्यावर चुन्याने बाण काढला, बाणाखाली आकडा घातला, शेजारी काठी रोवली आणि काठीला लाल पट्टी बांधली. एक ते अकरा. स्टोअरमधल्या रॅकांना लावायचे तसेच सुबक आकडे. ऊन लागू नये म्हणून डोक्याला टोपी, डोळ्यांना गॉगल, कानावर पेन्सिल आणि हातात वही.

चौथ्या दगडाशी एक माणूस येऊन उभा राहिला. पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात जाड साखळी. गुणाजी त्याचं नाव. हा माळ त्याचा आणि त्याच्या भावबंदांचा.

"काय चाललंय सायेब?"

सुधीरराव दचकले. खासगी जमिनीवर चुना फासताना पकडले गेलो, आता हा हाकलून देणार, मग रविवारी सगळ्यांसमोर पुन्हा शोभा, एवढं सगळं त्यांच्या मनात एकदम आलं.

"काही नाही, काही नाही."

"नाय, आकडे टाकलेत म्हणून इचारलं."

"काही विशेष नाही हो. सहज."

"परत येणार का?"

"येऊ. शेवटच्या रविवारी. सगळे येऊ," असं म्हणून सुधीरराव वही छातीशी धरून जवळजवळ पळाले.

आता डोंबिवलीत राहणाऱ्याला कल्पना नसते, पण कल्याणच्या पलीकडे ज्याची म्हणून गुंठाभर जमीन आहे, त्याला चुना, लाल निशाण आणि दगडावरचा आकडा यांचा अर्थ एकच कळतो. मोजणी झाली. रस्ता येतोय. आणि मोजणी करणारा माणूस विचारलं की 'काही नाही' म्हणून पळाला, म्हणजे रस्ता मोठा येतोय. गुणाजी तसाच उभ्या उभ्या घरी गेला आणि त्याने पत्रेवाल्याला फोन लावला. रस्त्यात नुसता माळ गेला तर भरपाई माळाची मिळते, शेड गेली तर शेडची मिळते, हे त्याच्या दोन मेव्हण्यांनी त्याला करून दाखवलं होतं.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी पायवाट मंडळ हेदूळच्या पारावर उतरलं. सुधीरराव सर्वांत पुढे, गळ्यात शिट्टी. एक नंबरचा दगड जागेवर होता. दोन नंबरचाही होता. सुधीररावांच्या चालीत जरा ऐट आली.

"काका, सॉलिड! तुम्ही तर खुणाबिणा करून ठेवल्यात," नयन म्हणाला. मंडळात तोच काय तो तिशीतला. बाकी सगळे गुडघ्यांचे डॉक्टर बदलत असलेले.

"तयारी लागते रे," सुधीरराव म्हणाले.

तीन नंबरला पोचले आणि त्यांना आपण भलत्याच गावी आलो की काय असं वाटलं. तीन आठवड्यांपूर्वी जिथे वाळकं गवत होतं, तिथे आंब्याची कलमं उभी होती. रांगेने, वाटेच्या दोन्ही बाजूंना, वीतवीतभर अंतरावर. काहींच्या मुळाशी अजून नर्सरीच्या काळ्या पिशव्या होत्या.

"आंबे एवढे जवळ लावतात?" नयनने विचारलं.

"ही नवीन पद्धत आहे," सुधीरराव म्हणाले.

"वा! शेतकरी बदलतोय," रुपालीताई म्हणाल्या आणि त्यांनी फोटो काढला.

चार नंबरला पत्र्याची एक लांबलचक शेड होती. दाराला कुलूप, दारावर गुणाजीचं नाव, नावाखाली 'कुक्कुटपालन केंद्र'. जयाबाई कौतुकाने मागच्या बाजूला डोकावल्या.

"अहो, याला मागची भिंतच नाही."

"हवा खेळती राहायला."

"पण कोंबडी एकही नाही."

"हवा खायला गेल्या असतील," सुधीरराव म्हणाले. घाम पुसायला त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घालायला विसरले.

पाच नंबरचा दगड एका कौलारू घराच्या अंगणाशी होता. दगडाला शेंदूर फासला होता, पुढे नारळ, फुलं, विझलेली उदबत्ती. शेंदरातून बाणाचं टोक तेवढं दिसत होतं. मंडळातल्या सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. सगळे करतात म्हणून सुधीररावांनीही केला. आपणच काढलेल्या बाणाला नमस्कार करताना त्यांना पहिल्यांदा नीट भीती वाटली. घराचं दार बंद होतं, पण खिडकीतून कुणीतरी बघत होतं.

यापुढे वाट म्हणून काही उरलंच नाही. निशाणं होती, पण ती जिथे हवी तिथे नव्हती. सहा नंबरने त्यांना एका विहिरीभोवती फिरवलं, दोन गोठ्यांच्या मधून नेलं, वांग्याच्या वाफ्यावरून उडी मारायला लावली. रुपालीताईंच्या घड्याळातल्या पावलांचा आकडा वाढत चालला आणि नदी काही दिसेना. सात नंबरला पोचल्यावर सुधीररावांनी शिट्टी वाजवली आणि थांबले. कारण तिथे सात नंबरचे तीन दगड होते, आणि तीन बाण तीन दिशांना.

"आता कुठे, सुधीरराव?" रुपालीताईंनी विचारलं. आवाज वर्गातला होता.

"विचार करतोय."

"विचार? म्हणजे चुकलो आपण?"

"चुकलो नाही. इथे... पर्याय आहेत."

कुणीतरी मागून म्हणालं, "बघा हं, सॅम्पल फ्लॅट असेल जवळ कुठंतरी." हशा पिकला. सुधीररावांना जमीन दुभंगावी असं वाटलं. डब्यांच्या पिशव्या त्यांना आपल्या खांद्याला लटकलेल्या दिसायला लागल्या.

एवढ्यात समोरच्या आमराईतून आरोळी आली. "आले रं आले! सायेब आले!"

गुणाजी धावत येत होता. त्याच्या मागे निम्मं गाव. "बगा, बोललेलो ना मी, रविवारी येणार म्हणून! सगळी कमिटी घेऊन आलेत!"

अठरा जणांना आमराईत नेण्यात आलं. तिथे मांडव होता, भाड्याच्या खुर्च्या होत्या, तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं होतं. रुपालीताईंचा ताठ कणा आणि सोनेरी काड्यांचा चष्मा बघून गुणाजीने एका क्षणात ओळखलं की सगळ्यांत मोठी अधिकारी हीच. त्याने त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. रुपालीताईंना बावीस वर्षांची सवय. हार पडला की आधी तो नीट करायचा, कारण मग विचारायचं.

"किती अगत्यशील लोक!" त्या म्हणाल्या. "सुधीरराव, तुम्ही आधी कळवून ठेवलं होतंत?"

सुधीररावांनी मान कशीतरी हलवली. तिचा अर्थ काहीही निघू शकत होता.

गुणाजीने त्यांना बाजूला घेतलं आणि हातात एक कागद दिला. "सायेब, सगळं लिवलंय. शेड दोन. कलमं मोजून घ्या. इहीर एक."

"विहीर कुठाय?"

"खणायची बाकी हाय. पण धरा तुमी. आमची काय हरकत नाय रस्त्याला."

"रस्त्याला?"

"फक्त लाईन जरा अशी इकडून घ्या. तो तिकडचा सात नंबर खोटा हाय. सखारामनं टाकलाय."

"माजा खोटा?" मागून सखाराम नावाचा गडी ओरडला. "तुज्या दगडाचा चुना अजून वला हाय, हात लावून बगा सायेब!"

हात लावायची गरज नव्हती. सुधीररावांना सगळं एकदम कळलं. कलमं कळली, कोंबड्या नसलेली शेड कळली, विहिरीभोवतीचा फेरा कळला. ज्याला रस्ता हवा त्याने निशाण आपल्या जमिनीत ओढून नेलं होतं, ज्याला नको त्याने दुसऱ्याच्या जमिनीत ढकललं होतं. अकरा निशाणांनी सगळा गाव बघून घेतला होता.

आणि त्याच वेळी त्यांना सुटकेची वाटही दिसली. नुसतं "बघतो, वर कळवतो" म्हणायचं. गाव खूश होईल, भाकऱ्या खाऊन मंडळ खूश होईल, कुणीतरी नदीपर्यंत नेऊन सोडेल. वाट चुकली हे कुणाला कळणारही नाही. पुढारीपण शाबूत. सुधीररावांनी घसा खाकरला, चेहऱ्यावर जरा सरकारी भाव आणला आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात त्यांच्या पायाशी एक म्हातारी येऊन बसली. खुर्ची दिली तरी घेईना.

"ही गोदूबाई," गुणाजी म्हणाला. "पाच नंबरची."

"सायेब," गोदूबाई म्हणाली, "त्या दगडाला शेंदूर मीच लावलाय. देव नाय तो, मना ठाव हाय. खोटं केलं मी. पण देव बगून तरी रस्ता बाजूनं जाईल असं वाटलं. माजं तेवढंच घर हाय. एक खोली आन् पडवी. आज वीस दिस झाले, रातचं मना झोप नाय. पडवीत बसून बगत असते, कवा येतात मशिनी."

सुधीररावांच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. आपण वाट चुकू नये म्हणून दगडावर दोन रेघा मारल्या, आणि त्या रेघांनी एक म्हातारी वीस रात्री जागी राहिली. डबे उचलायला लागतील याचं आपल्याला दुःख!

ते खुर्चीवर उभे राहिले. शिट्टी वाजवली. "ऐका," ते म्हणाले. "रस्ता येत नाहीये. मी सरकारी माणूस नाही. आम्ही कुणीच नाही. आम्ही डोंबिवलीहून चालायला आलोय. मी नेहमी वाट चुकतो, म्हणून मी खुणा केल्या होत्या. आणि रुपालीताई, आत्ताही आपण चुकलोय. सहा नंबरपासूनच."

मग गुणाजी हसला. "सायेब, असं बोलायलाच लागतं तुमाला. आमी समजतो."

"अहो, खरं सांगतोय. आम्हाला नदीवर जायचंय."

"नदीवर काय काम?"

"काम काही नाही. बघायची."

"बगायची. मंग?"

"मग परत जायचं."

गावकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. रस्ता येणं, धरण येणं, विमानतळ येणं, सगळं त्यांना पटलं असतं. पण अठरा धडधाकट माणसं सुट्टीच्या दिवशी, हातात काही नसताना, उन्हातून नदी बघायला चालत येतात आणि तशीच परत जातात, हे पटण्यासारखं नव्हतं. "कायतरी लपवतायत," सखाराम म्हणाला. "मोठा रस्ता हाय."

मग पायवाट मंडळाने आपल्या पुढाऱ्यासाठी जे केलं ते बघण्यासारखं होतं. हा माणूस निरपराध आहे हे सिद्ध करायचं, तर तो वाट चुकतो हे सिद्ध करायला हवं, आणि त्यासाठी साक्षीदारांची काही वाण नव्हती. नयन उठला. "काका माझ्या लग्नाला आलेले. म्हणजे माझ्या नाही, शेजारच्या हॉलमधल्या लग्नाला. जेवून, आहेर देऊन आले. आमच्या फोटोत नाहीत, त्यांच्या फोटोत आहेत!" दुसरे एक काका म्हणाले, हे कल्याण स्टेशनवर सरकत्या जिन्याने तीनदा वर गेले होते, खाली यायचं होतं म्हणून. रुपालीताई हार सावरत उभ्या राहिल्या. "मी हजारो मुलं शिकवली. एवढा दिशाहीन विद्यार्थी मी पाहिलेला नाही. हे मी लिहून द्यायला तयार आहे."

सुधीरराव खुर्चीवर उभे होते, आणि आयुष्यातली सगळी फजिती भर मांडवात त्यांच्यासमोर मांडली जात होती. कान लाल झाले होते. पण गोदूबाईच्या चेहऱ्यावरचं सावट हळूहळू उतरताना त्यांना दिसत होतं, आणि त्यांना मनापासून वाटलं की अजून दोन-चार जणांनी बोलावं.

"ते सगळं खरं असंल," गुणाजी म्हणाला. "पण निशाणाचं काय? सरकारी लाल निशाण हाय ते. आमी ओळखतो."

त्याने शेजारच्या काठीवरची लाल पट्टी सोडून पुरावा म्हणून वर धरली. वाऱ्यावर ती उलगडली. खाली दोन बोटं रुंद झालर होती.

जयाबाई भाकरीचा घास हातात धरून तशाच उठल्या. पुढे झाल्या. पट्टी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. नंतर त्यांनी नवऱ्याकडे असं बघितलं, की पुढच्या रांगेतले दोघे नकळत मागे सरकले.

"कबुतरं, नाही का?" त्या म्हणाल्या.

"अगं, नंतर सांगतो."

जयाबाई गावाकडे वळल्या. "अहो भाऊ, हे निशाण सरकारी नाहीये. हा माझा परकर आहे. दिवाळीत शिवलेला. सरकारी निशाणाला झालर असते का कधी? आणि अशी आणखी आहेत ना? सगळी जोडा, नाडीसकट परकर होईल!"

मग गोदूबाईने पट्टी हातात घेतली, झालरीवरून बोट फिरवलं, आणि ती हसायला लागली. तोंडात दात चार, पण हसणं असं की अख्खा मांडव तिच्यामागे हसू लागला. बायका तर पदर तोंडाला लावून खाली बसल्या. "अगो बाय, परकर!" म्हणत त्या एकमेकींना ढकलत होत्या. तीन आठवडे हेदूळ गाव एका परकराभोवती फिरत होतं.

गुणाजी तेवढा हसला नाही. "म्हणजे रस्ता नाय?"

"नाही."

"मंग मी शेड कशाला बांधली?"

जयाबाईंनी त्याला भाकरी वाढली. "कोंबड्या पाळा की," त्या म्हणाल्या.

नदीवर गोदूबाईनेच नेलं. तिच्या घराच्या मागून एक पायवाट खाली उतरत होती, सागाच्या वाळल्या पानांतून, कुठलंही निशाण नसलेली. पाव तासात काळू नदी समोर आली. हिवाळ्यातलं स्वच्छ पाणी, मधे काळे कातळ, पलीकडच्या काठावर बगळे. मंडळी पाण्यात पाय सोडून बसली. गोदूबाईही बसली. "रोज हंडा भरायला येते," ती म्हणाली. "बसून बगितली नव्हती कदी."

परत निघताना सुधीररावांनी न सांगता सतरंजी खांद्यावर टाकली आणि डब्यांची पिशवी उचलली. ती रुपालीताईंनी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"आणा इकडे," त्या म्हणाल्या. "वाट चुकणारे पुष्कळ पाहिलेत मी. खुर्चीवर उभं राहून 'चुकलोय' म्हणणारा पहिलाच. पुढारी तुम्हीच. फक्त एक बदल. डावं-उजवं नयन सांगेल."

सुधीररावांना भरून आलं. ते ऐटीत पुढे झाले आणि चालू लागले. "काका, उजवीकडे," नयन मागून म्हणाला.

त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी, सुधीरराव स्वयंपाकघरात गवार मोडत बसले असताना, फोन वाजला. परकराच्या बदल्यात महिनाभर भाजी निवडायची असं घरात ठरलं होतं. फोन गुणाजीचा होता आणि तो जरा रागातच होता.

"सायेब, तुमी लीडर ना मंडळाचे? मंग तुमची माणसं अशी एकटी कशी सोडता?"

'लीडर' ऐकून सुधीरराव गवारीतून उठून उभे राहिले. "कोण आमची माणसं?"

"काल चार जण आले ना! चुना घेऊन, निशाणं घेऊन. एक तीन पायांची दुर्बीणपण आणलेली. बिचारी माळावर भरकटत होती. आमी लगेच ओळखलं. बोललो, चुकलात ना, नदी हिकडं नाय. ऐकायलाच तयार नाय. आमी सरकारी हाव, रस्त्याची मोजणी हाय, असंच चाललेलं त्यांचं. सगळा गाव हसून हसून लोळला. एकानं तर वळखपत्र काडून दाखवलं!"

सुधीररावांच्या हातातली गवार खाली पडली. "मग?"

"मंग काय, गोदूबाई घेऊन गेली त्यांना नदीवर. पाण्यात पाय सोडून बसवलं, जेवायला घातलं. संध्याकाळी परत टिटवाळ्याला नेऊन सोडलं मीच, माज्या गाडीनं. तुमच्याकडं बगून केलं हां हे सगळं."

"त्यांनी... त्यांनी निशाणं लावली का कुठे?"

"लावली ना आधी. गोदूबाईच्या घरापासून लांब, वरच्या अंगाला. बरोबर माज्या माळावरून, त्या शेडच्या मधून सरळ रेघ. म्हणजे शेड होती तिथून. ती काडून टाकली ना मी परवा. पत्रे इकले. कलमंपण नर्सरीवाल्याला परत दिली. साफ मोकळं केलं सगळं, तुमी बोललात म्हणून."

पलीकडून गुणाजी "हॅलो, हॅलो" करत राहिला. सुधीररावांनी एकदा जयाबाईंकडे बघितलं, एकदा खिडकीबाहेर बघितलं. कुणी उजवं-डावं सांगायला जवळ नव्हतं.

"गुणाजीशेठ," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही उभे आहात का? आधी खाली बसा."